आपल्या माघारी

सातारा, रविवार

चि. ओंकार,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय. चौतीस वर्षांचा तुझा मित्र बॅडमिंटन खेळून बाकावर बसतो, पाण्याची बाटली उघडतो आणि तिथेच जातो. घरात बायको, तीन वर्षांचा मुलगा, म्हातारी आई. आणि तू मला विचारत होतास, "आत्या, बँकेत काय काय कागद लागतात गं?" मी तुला सांगितलं तेवढं तू केलं असशील. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून घ्यायला विसरू नका आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. शेवटी मी विचारलं, "तुझं स्वतःचं काय?" तू म्हणालास, "माझं अजून वय काय आहे, आत्या? आणि सगळीकडे नॉमिनी लावलाय."

ही दोन वाक्यं मी सव्वीस वर्षं ऐकली आहेत, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आहेत. ती म्हणणारा माणूस तेव्हा हयात नसायचा. टेबलापलीकडे त्याची बायको बसलेली असायची आणि ती म्हणायची, "ते म्हणायचे, नॉमिनी लावलाय." फोनवर हे सगळं बोलता आलं नसतं म्हणून लिहायला बसले.

तुझे आतोबा गेले ते १९९० साली, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. तू जन्मलाही नव्हतास. सकाळी स्कूटरवरून कराडला निघाले होते, पोचले नाहीत. ते छत्तीस वर्षांचे, मी एकतीस. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार. हे तुला माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मात्र मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही, कारण दुःखाच्या गोष्टीत सातबारा आणि फेरफार आणायला संकोच वाटतो.

ज्यांचं देणं होतं ते सगळे तेराव्याच्या आत येऊन गेले. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांतला एकच माणूस आला, रहिमतपूरचा एक शिंपी. बाकीच्यांची नावं आतोबांच्या खिशातल्या डायरीत होती, पण ती त्यांनाच समजतील अशी. 'रघू ४०००.' कोण रघू? मी आजही सांगू शकत नाही. ते हिशोबात चोख होते, फक्त तो हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

गोडोलीला आम्ही प्लॉट घेतला होता, जोत्यापर्यंत काम झालं होतं. पतपेढीचं कर्ज होतं. मला वाटलं, प्लॉट विकावा, कर्ज फेडावं, उरेल ते मुलांच्या शिक्षणाला ठेवावं. वकिलांकडे गेले तेव्हा कळलं की प्लॉट माझा नाहीच. मृत्युपत्र नसलं की हिंदू वारसा कायदा, १९५६ चा, वाटणी ठरवतो. हिंदू पुरुषाच्या मागे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे माझा चौथा हिस्सा, सासूबाईंचा चौथा, दोन मुलांचे दोन. मुलं अज्ञान. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत त्याच्या सख्ख्या आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हा कायदा मुलांच्या भल्यासाठी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या बाईने कालपर्यंत मुलाला ताप आला की कुणाला न विचारता डॉक्टर गाठला, तिला 'मी मुलांच्या हिताचंच करते आहे' हे कोर्टात शाबित करायला उभं राहावं लागतं, तेव्हा तिच्या मनाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

परवानगीला दीड वर्ष लागलं. तोवर सासूबाई गेल्या. त्या मला म्हणायच्या, "माझ्या सहीची काळजी करू नकोस, मी हक्कसोड देते." त्यांची इच्छा खरी होती, पण इच्छेला सही लागते आणि ती राहून गेली. मग त्यांच्या चौथ्या हिश्शाचे वारस उभे राहिले: माझे दीर, दोन नणंदा आणि आमची मुलं. थोरल्या नणंदबाई इंदूरला. एका कागदावर त्यांचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, म्हणून प्रतिज्ञापत्र. त्यांचा पाय मोडलेला, म्हणून कुलमुखत्यारपत्र. त्यात गट नंबर चुकला, म्हणून पुन्हा नवं. प्लॉट विकला गेला तेव्हा थोरला दहावीला बसून झाला होता. नऊ वर्षं गेली, ओंकार. आणि आमच्याकडे भांडण नव्हतं रे. कुणी वाईट वागलं नाही, कुणी एक रुपया जास्त मागितला नाही. दीर माझ्यासाठी दर तारखेला रजा काढून यायचे. तरीही नऊ वर्षं. 'आमच्या घरात सगळे एकमेकांना धरून आहेत, आम्हाला मृत्युपत्राची काय गरज' असं कुणी म्हणालं की मला ती नऊ वर्षं आठवतात.

आतोबांनी एका साध्या कागदावर 'माझा गोडोलीचा प्लॉट माझ्या पत्नीस द्यावा' एवढं लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती, तर यातलं बहुतेक काहीच झालं नसतं.

मला त्यांच्या जागी बँकेत घेतलं, अनुकंपा तत्त्वावर. आणि काही वर्षांनी टेबल मिळालं ते मृत खातेदारांच्या दाव्यांचं. कुणीतरी विचार करून दिलं की योगायोगाने, मी कधी विचारलं नाही. तिथे मी जे पाहिलं त्यातली एक गोष्ट तर इतक्यांदा पाहिली की शेवटी फॉर्म उघडण्याआधीच पोटात खड्डा पडायचा. मुलगा नोकरीला लागतो, बाविसाव्या वर्षी खातं उघडतो, नॉमिनी म्हणून भावाचं नाव लिहितो. मग लग्न होतं, मुलं होतात, खात्यात पैसे साठतात, आणि नॉमिनी भाऊच राहतो. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं, ते शहाणपण त्या योजनेत आहे. बँकेच्या खात्याला तशी सोय नाही. तिथे जे नाव लिहिलंय त्याच्या हातात पैसे जातात.

हातात जातात, मालकीचे होत नाहीत. हे नीट समजून घे, कारण चांगली शिकलेली माणसंही इथेच चुकतात. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात. ते पैसे त्याने खऱ्या वारसांना द्यायचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत काही वर्षं गोंधळ होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नाही: एक तर मृत्युपत्र, नाहीतर वारसा कायदा. तुमच्या सोसायटीतही तसंच आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे सभासद गेल्यावर नॉमिनी हा तात्पुरता सदस्य होतो आणि फ्लॅट कायमचा कुणाच्या नावावर करायचा ते मृत्युपत्र किंवा वारसाचा दाखला बघून ठरतं. म्हणून नॉमिनी लाव, जरूर लाव, नसेल तर दारं बंदच राहतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. पण तेवढ्यावर निजू नकोस.

आता तुझंच घर घे. बाणेरचा फ्लॅट तुझ्या आणि मृण्मयीच्या नावावर निम्मा-निम्मा आहे. देव करो आणि तू शंभर वर्षं जगावंस, पण उद्या काही झालं तर तुझा निम्मा आपोआप मृण्मयीचा होणार नाही. त्याचे तीन भाग होतील: बायको म्हणून मृण्मयी, मुलगी म्हणून चिऊ आणि तुझी आई. दादाला काही नाही. हो, तुझ्या बाबांना काहीच नाही, कारण कायद्यात आई पहिल्या वर्गात आहे आणि वडील दुसऱ्या वर्गात. दर महिन्याला तू दादाच्या औषधाला जे पैसे पाठवतोस, ती तुझी माया कायद्याला दिसत नाही. आणि चिऊचा तो लहानसा हिस्सा मृण्मयीला कर्ज फेडायला फ्लॅट विकावा लागला तर कोर्टाची पायरी चढायला लावेल. मी चढले आहे. तिने चढू नये असं मला वाटतं.

मृण्मयीबद्दल जास्तच कळकळीने लिहिते, आणि हा भाग तिला वाचून दाखव. हिंदू बाईची वारसाची ओळ पुरुषासारखी नाही. तिची स्वतःच्या कमाईची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर कुठे तिच्या आईवडिलांना. एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, २००९ साली निकाल लागला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरी परतली, शिकली, नोकरी केली, आयुष्यभर साठवलं आणि मृत्युपत्र न करता गेली. पैसा तिच्या आईला मिळाला नाही. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. न्यायाधीश म्हणाले की सहानुभूतीवर कायदा बदलता येत नाही. मला तो निकाल वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या मते हे कलम अन्यायाचं आहे आणि ते बदललं पाहिजे. पण ते बदलेपर्यंत कमावत्या प्रत्येक बाईने, लग्न झालेली असो वा नवरा गेलेली, एक कागद लिहून ठेवावा. मुलगी आहे तोवर मृण्मयीला याची झळ नाही, पण तुझ्या ऑफिसातल्या, तिच्या ऑफिसातल्या किती मुलींना मूल नाही, त्यांना सांगा.

तुला वाटत असेल, आत्या अशुभ बोलते आहे. हा शब्दच वाईट आहे, 'मृत्युपत्र'. पहिल्याच अक्षरापाशी माणूस थबकतो. हल्ली इच्छापत्र म्हणतात, ते मला आवडतं, कारण खरोखर ती इच्छाच असते. आणि आपल्या जुन्या माणसांना हे वर्ज्य नव्हतं. थोरले माधवराव पेशवे थेऊरला १७७२ साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने गेले, पण जाण्याआधी अंथरुणावरून आपल्या माघारी काय करायचं त्याची कलमवार यादी लिहवून घेतली, आणि राज्याचं कर्ज फेडण्याची काळजी तीत होती. इतक्या लहान वयात इतकी शुद्ध.

पण अंथरुणावर पडेपर्यंत थांबलं तर काय होतं, त्याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. ताईमहाराज प्रकरण तू शाळेत टिळकांच्या चरित्रात ऐकलं असशील. बाबामहाराज पंडित हे पुण्यातले सरदार, टिळकांचे स्नेही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना कॉलरा झाला. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. शेवटच्या काही तासांत बाबामहाराजांनी मृत्युपत्र केलं, टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरेंना विश्वस्त नेमलं आणि ७ ऑगस्टला ते गेले. पत्नी ताईमहाराज गरोदर. मुलगा झाला, तो दोन महिनेही जगला नाही. मग मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे दत्तक घेण्याचा प्रश्न आला. १९०१ साली औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं. त्याच वर्षी ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापूरकडे दुसरा दत्तक घेतला. तिथून जे कोर्ट सुरू झालं! टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं. दिवाणी दावा चालूच. १९१० साली हायकोर्टात निकाल उलटा गेला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. अठरा वर्षं, एका शब्दाला जागण्यापायी.

ही गोष्ट लोकमान्यांच्या निष्ठेची म्हणून सांगतात आणि ती आहेच. मला मात्र त्यात नेहमी ताईमहाराज दिसतात. कॉलऱ्याने नवरा गेलेली, पोटुशी, मग बाळही गेलेलं. आपल्या घरात कोण मूल येणार हे कागदावर आधीच ठरलेलं, आणि ते ठरवताना तिला विचारायला कुणाला सवड मिळाली असेल असं मला वाटत नाही. १९०३ साली ती मुलगी गेलीही. निकाल ऐकायला राहिली नाही. शेवटच्या घटकेला केलेल्या कागदात ज्याच्यासाठी कागद करायचा त्यालाच विश्वासात घ्यायचं राहून जातं. म्हणून तू आणि मृण्मयी एकाच टेबलाशी बसून लिहा. दोघांची दोन स्वतंत्र पत्रं, पण एकमेकांना माहीत असलेली.

लिहिणं अवघड नाही. कोऱ्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं, पुढे कुणी 'सही त्यांची नव्हेच' म्हणायला धजत नाही. सगळं अडतं ते साक्षीदारांपाशी. किमान दोन हवेत, त्यांनी तुला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे आणि तुझ्यासमोर त्यांनी सही केली पाहिजे. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते साक्षीला नकोत. आणि तुझ्याहून वयाने लहान घे, म्हणजे वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायला असतील. आमच्या बँकेत एक पत्र आलं होतं, दोन्ही साक्षीदार ऐंशीच्या घरातले, लिहिणाऱ्याच्या आधीच गेलेले. कागद खरा होता, पण तो खरा आहे हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. त्या घराने तीन वर्षं काढली.

मिळकतीपेक्षाही आधी चिऊचं लिही. तुम्ही दोघं एका गाडीत असता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, दिवसाला चारशे साठांहून जास्त. आईबापांना मृत्युपत्रात मुलाचा पालक नेमता येतो. आजी-आजोबा म्हातारे, मावशी बंगळूरला, काका पुण्यात. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच ओढाताण होईल. तुम्ही नाव लिहिलं असेल तर होणार नाही. ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा.

विमा घेशील तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घे. १८७४ चा कायदा आहे, अजून कामाला येतो. प्रस्तावाच्या वेळीच तसा अर्ज भरला की ती रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते, तुझ्या कर्जाचे सावकार तिला हात लावू शकत नाहीत. नंतर भरून चालत नाही, पॉलिसी घेतानाच. आणि तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं बँकेत खातं असेल तर त्यांना विचार, त्यांनी पंतप्रधान जीवनज्योती विमा घेतलाय का. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण, पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो. अपघाताचा तर वीस रुपयांत आहे. मी दाव्याच्या टेबलावर दोन लाखांनी घर सावरलेलं पाहिलंय, आणि ज्यांच्या खात्यात हप्ता कापला जाण्याइतकेही पैसे शिल्लक नव्हते म्हणून विमा बंद पडला, अशीही माणसं पाहिली आहेत.

गावच्या जमिनीचं दादाशी बोल. सातबारावर अजून अण्णांचं नाव आहे, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. उशीर झाला म्हणून होत नाही असं नाही, पण तलाठ्याकडे कुणीतरी जायला हवं. अण्णांची मुलगी म्हणून माझंही नाव त्यात लागेल. ते लागू दे, मग मी काय करायचं ते करते.

एवढं सगळं वाचून तुझं मन जड झालं असेल. मी तुझ्या मित्राच्या बायकोला ओळखत नाही, पण तिला माझा नंबर दे. पहिल्या महिन्यात कुठल्याही कागदावर सही करू नको म्हणावं, अगदी जवळच्याने आणला तरी. आधी मला दाखव. सासूबाईंना सोबत घेऊन ये म्हणावं, त्या दोघी एकाच बाजूच्या आहेत हे त्यांना आत्ताच कळायला हवं.

पुढच्या रविवारी तुम्ही तिघं सातारला या. येताना फ्लॅटच्या करारनाम्याची प्रत, विम्याचे कागद आणि दोघांच्या खात्यांची यादी आण, लॉकर असेल तर तोही लिही. वकील मी बोलावलेले नाहीत. आधी आपण तिघं बोलू, काय कुणाला हे तुम्ही ठरवा, मग भाषा त्यांच्याकडून तपासून घेऊ.

माझं इच्छापत्र २०१९ साली नोंदवलेलं आहे. मूळ प्रत लोखंडी कपाटात मधल्या खणात, बँकेच्या जुन्या पिवळ्या पाकिटात. दोन्ही मुलांना माहीत आहे. व्यवस्थापक म्हणून, ज्याला कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात, तुझं नाव घातलंय. तेव्हा तुला विचारलं नव्हतं, ती माझी चूक. रविवारी येशील तेव्हा हो की नाही ते सांग.

तुझी,
आत्या